बाबांची खालची कवळी

खारूच्या घरात महत्त्वाची बातमी सांगायला एकच वेळ बरी असायची, ती म्हणजे बाबांचं तोंड बंद असेल ती. एरवी सांगण्यात काही अर्थ नव्हता. बाबांनी सगळी नोकरी बसस्थानकावर गाड्या पुकारण्यात घालवली होती. निवृत्तीच्या दिवशी मायक्रोफोन ऑफिसात जमा झाला, आवाज मात्र घरी आला. तुम्ही एखादं वाक्य बोलायला घ्यावं, तर बाबा ते अर्ध्यातून उचलत, त्याला आपले चार थांबे जोडत आणि भलत्याच गावाला नेऊन सोडत. गल्लीत त्यांना भोंगा म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण त्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्याने म्हणत.

त्यामुळे "मी परदेशात चाललेय, कायमची" हे वाक्य खारू बरेच दिवस जिभेवर घेऊन फिरत होती. सकाळी चहाच्या वेळी सांगू म्हणायची, तर बाबा वर्तमानपत्र मोठ्याने वाचत असायचे. संध्याकाळी सांगू म्हणायची, तर आत्या बसलेली असायची. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. खालच्या मजल्यावर राहायची आणि दिवसातून कितीदा वर यायची त्याला सुमार नव्हता. आई जाऊन काही वर्षं झाली होती, तेव्हापासून या भावंडांना एकमेकांवर ओरडण्यापलीकडे दुसरा विरंगुळा नव्हता.

खारू हे अर्थात तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी पुढचे दोन दात खारीसारखे बाहेर आले होते. तारा लावून ते आत गेले, नाव तेवढं मागे राहिलं. आता ती लोकांचे दात बनवायची. दातांच्या एका दवाखान्याच्या तळघरात लॅब होती, तिथे. तळघराला एकच खिडकी, तीही छताला लागून आणि रस्त्याच्या पातळीवर. त्यातून जाणाऱ्या-येणाऱ्यांचे बूट दिसत. वर खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या तोंडाचा साचा खाली यायचा, दात वर जायचे, आणि ते कुणाच्या तोंडात गेले, ते हसल्यावर कसं दिसतं, हे काही केल्या खारूला कळायचं नाही. रस्त्यात एखादी बाई छान हसली की ही थांबून तिच्या दातांकडे पाहत राहायची. माझे तर नसतील? त्यावरून एकदा एका गृहस्थांचा फार मोठा गैरसमज झाला होता. ते जाऊ दे.

परदेशातल्या ज्या लॅबने तिला नोकरीला बोलावलं होतं, तिथे असं नव्हतं. तिकडे दात करणारी माणसं त्या माणसाच्या शेजारी बसत, त्याला बोलायला लावत, हसायला लावत, मग दात करत. शिवाय खोलीला भिंतभर खिडकी होती. त्यांनी पाठवलेला त्या खोलीचा फोटो खारूने इतक्यांदा पाहिला होता की त्या खिडकीतलं झाड तिला पाठ झालं होतं. एवढ्यासाठी कुणी देश सोडतं का, असं तुम्ही विचाराल. सोडतं. लोक याहून फालतू कारणांसाठी लग्नं करतात आणि त्यांना कुणी काही विचारत नाही.

तर, सांगायची संधी चालून आली ती बाबांच्या कवळीमुळे. जुनी खालची कवळी बेसिनमध्ये पडली आणि तिचे दोन तुकडे झाले. बाबांनी ते कसल्याशा गोंदाने चिकटवले, आणि मग काही दिवस त्यांच्या बोलण्याला चांभाराच्या दुकानाचा वास येत होता. खारूने ती कवळी काढून घेतली आणि जाहीर केलं की आता वरची, खालची, दोन्ही नवी करायची. तिच्या मनात होतं की जायच्या आधी बाबांना अशी कवळी करून द्यावी की पुढे कितीतरी वर्षं कुणाला त्यांच्या तोंडात बोट घालायला लागू नये. तोंडात बोट घालू देण्याच्या बाबतीत बाबांचा पूर्वीपासून लौकिक वाईट होता.

हिरड्यांची मापं दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी घेतली. त्यानंतर येतं चाव्याचं माप. घोड्याच्या नालेसारख्या दोन मेणाच्या पट्ट्या वरच्या-खालच्या हिरडीवर बसवायच्या आणि माणसाला सांगायचं, मिटा तोंड, अगदी सहज. जबडा मेणावर जिथे मिटतो, तिथेच पुढे दात भेटणार. अख्खी कवळी त्या एका मिटण्याच्या भरवशावर असते. बाबा म्हणाले, "हे खारूच करेल. परक्या माणसाच्या हातात मी जबडा देत नसतो." डॉक्टरीणबाई लगेच हो म्हणाल्या. नव्या बसस्थानकाच्या बांधकामात काय काय चुकलंय ते बाबांकडून ऐकून त्यांना पुरे झालं होतं.

खारूने मेण बसवलं. "मिटा," ती म्हणाली, "आणि आता मेण गार होईपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही."

बाबा गप्प झाले. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू यायला लागला. खारूच्या लक्षात आलं की हीच ती वेळ.

"बाबा, मला बाहेर नोकरी लागलीय. दुसऱ्या देशात. कागदपत्रं सगळी झालीत. आणि दोन-चार वर्षांसाठी नाही, कायमची चाललेय. तिथेच राहायचं म्हणतेय."

बाबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग छताकडे. हूं नाही की चूं नाही. सांगितल्याप्रमाणे तोंड घट्ट मिटून बसून राहिले. मेण गार झालं. तिने ते अलगद काढून दिव्याखाली धरलं. ठसा सुरेख आला होता, कुठे घसरलेला नाही, कुठे हललेला नाही.

बाबांनी रुमालाने तोंड पुसलं. "कधी?"

"हिवाळा संपायच्या आत या म्हणालेत."

"बरं. गरम कपडे लागतील."

एवढंच. खारू तळघराच्या पायऱ्या जवळजवळ उड्या मारत उतरली. एवढं मोठं संकट, आणि केवळ मेणावर भागलं! आपण आजवर उगीच घाबरलो असं तिला वाटलं.

पुढचं काम टेबलावरचं. मेण आणि प्लास्टरचे साचे बिजागरीच्या एका सांगाड्यात बसवतात. त्याला लॅबमध्ये लोखंडी जबडा म्हणत. माणूस घरी जातो, जबडा टेबलावर राहतो, आणि दात त्या जबड्यावर लावायचे. खारूने जीव ओतून काम केलं. दात अगदी शुभ्र नकोत, बाबांच्या वयाला शोभतील असे जरा चहा प्यायलेले हवेत, म्हणून रंगासाठी मास्तरांशी वाद घातला. मास्तर म्हणजे लॅबचे प्रमुख. त्यांच्या मिशीतलं पांढरं किती आणि प्लास्टर किती हे सांगणं कठीण होतं. ते म्हणाले, "वरची कवळी कुणीही बसवेल. वरची टाळूला चिकटून राहते. खालची जिभेच्या मेहरबानीवर असते. खालची काढताना ज्या दिवशी माणसाला ओढावी लागेल, त्या दिवशी मी म्हणेन तुला काम येतं."

कवळी तयार झाली. बाबांनी ती घातली, आरशात पाहिलं, छाती फुगवली आणि पुकारलं, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे! फलाट क्रमांक सहावरची गाडी सुटण्याच्या तयारीत आहे!" खालून आत्या धावत आली, तिला वाटलं काहीतरी पेटलं. 'स'ला जराशी शिट्टी वाजत होती, पण ती चार दिवसांत जाते. खारू म्हणाली, "झालं. ही बसली की मी तिकीट काढते."

आणि दुसऱ्याच दिवशी बाबा म्हणाले, "खाली टोचतंय. डावीकडे."

नव्या कवळीचं असं होतंच. खारूने दातांमध्ये निळा कागद धरून चावायला लावलं, जिथे डाग पडला तिथे घासलं. दोन दिवस बरं गेलं. मग पुन्हा टोचतंय. पुन्हा घासलं. मग म्हणे पुढे दाब येतो. पुढे घासलं. मग पुन्हा डावीकडे. तिकडच्या लॅबवाल्यांनी विचारलं, निघताय ना? खारूने कळवलं, घरची एक अडचण आहे, थोडे दिवस द्या. त्यांनी दिले. कवळीची अडचण म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी कदाचित नोकरीच काढून घेतली असती, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नसतं.

आत्याने निकाल केव्हाच लावून टाकला होता. "ती कवळी बसायची नाही," ती भाजी निवडता निवडता म्हणाली. "मी सांगते तुला. दादा लहानपणी शाळेच्या दिवशी पोट धरून बसायचा. सुट्टी लागली की पोट बरं. आता पोट राहिलं नाही, कवळी आलीय."

"काहीतरीच काय, आत्या!"

"काहीतरीच? बरं. बघ तू."

खारूने बघितलं. आणि एकदा तसं बघायला लागल्यावर सगळं तसंच दिसायला लागलं. तिने नव्या कोटाचा विषय काढला की संध्याकाळी टोचायचं. तिकिटाचं बोललं की दुसऱ्या दिवशी सकाळी टोचायचं. शेवटी तिने कवळी लॅबमध्ये नेली आणि मास्तरांसमोर लोखंडी जबड्यावर बसवली. मास्तरांनी जबडा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. दातावर दात असे बसत होते की मधून कागद ओढता येईना.

"या लोखंडाला काय पडलंय तू जातेस का राहतेस याचं?" मास्तर म्हणाले. "इथे बसतेय. तिथे बसत नसेल तर दोष कवळीचा नाही, बाई."

ते ऐकून खारूचं डोकं फिरलं. ती घरी आली ती तशीच, पायातले बूट न काढता, बाबांसमोर उभी राहिली.

"बाबा, पुरे झालं आता. कवळीत काहीही खोट नाहीये. मी जाऊ नये असं वाटतं ना तुम्हाला? मग तसं तोंडाने सांगा. कवळीच्या आडून नाटकं नकोत."

बाबा खुर्चीत बसले होते. मोजा पायात अर्धा चढवलेला, अर्धा लोंबत होता. इतकं बोलणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांनी नुसता तो मोजा वर ओढला.

"बसतेय," ते म्हणाले. "कालपासून बसायला लागलीय. सांगायचंच राहिलं."

त्यानंतर तक्रार बंद. एकदम बंद, नळाची तोटी फिरवावी तशी. बाबा सफरचंद न कापता खायला लागले. भाजलेले दाणे मूठ मूठ तोंडात टाकायला लागले. ब्रेडची कडा, जी त्यांनी आयुष्यभर खारूच्या ताटात सरकवली होती, तीही खायला लागले. शेजाऱ्यांना थांबवून सांगायचे, "लेकीने केलीय. एक नंबर बसलीय. तिकडे परदेशात तिला उगीच नाही बोलावलं." आत्याने खारूकडे पाहून भुवया उडवल्या. खारूने तिकीट काढलं. आपल्याला बरं वाटायला हवं असं तिला वाटत होतं, आणि ते का वाटत नाही हे काही कळत नव्हतं. बाबांचं बोलणं कमी झालं होतं, तेवढं तिच्या लक्षात आलं होतं. ते तिने रुसव्याच्या खाती टाकलं.

निघायला थोडेच दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. सकाळी बाबा अंघोळीला गेले होते. खारू बॅगेत टाकायला म्हणून ब्रश शोधत बेसिनपाशी आली. बाबांची कवळी तिथे वाटीत पाण्यात ठेवलेली होती. पाणी गुलाबी झालं होतं.

ती तिथेच उभी राहिली. बाबा टॉवेल गुंडाळून बाहेर आले, तिला पाहिलं, वाटी पाहिली, आणि वाटी उचलून पाणी ओतायला गेले.

"आ करा," खारू म्हणाली.

"अगं, ते चुळीचं औषध असतं ना, त्याचा रंग..."

"बाबा. आ करा."

त्यांनी तोंड उघडलं. डावीकडे, खालच्या हिरडीवर, गालाच्या बाजूला पांढुरकी जखम होती, वाटाण्याएवढी, कडेने लालभडक. एक जुनी. शेजारी एक नवी. अशा जखमेला पाण्याचा थेंब लागला तरी माणूस कळवळतो. हा माणूस त्यावर दाणे चावत होता.

खारू तिथल्याच स्टुलावर बसली. तिला रडू आलं नाही, आधी भीती वाटली. या जखमेवर सफरचंद खाणाऱ्या माणसाला खोटारडा ठरवून आपण विमानात बसणार होतो. आणि तिकडे कुणी विचारलं असतं तर सांगितलंही असतं की आमच्या बाबांचं ना, जरा नाटक होतं.

"का नाही सांगितलंत?"

"सांगत होतो की. तू म्हणालीस नाटक आहे." बाबांच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "मग म्हटलं, असेल. माणसाला स्वतःचं कुठे कळतं."

"घाला कवळी. दोन्ही. आणि हळूच मिटा. जोर नका लावू."

त्यांनी मिटलं. खारूने गाल बाजूला ओढून पाहिलं. खालचे दात वरच्यांच्या मागेच राहत होते. पुढे फट, आणि डावीकडची एक दाढ तेवढी टेकत होती, सगळा भार तिच्यावर. हे लोखंडावर दिसलं नव्हतं. लोखंडावर सगळे दात एकदम भेटत होते. मग इथे का भेटेनात?

"कवळी बसतेय असं दाखवायचं झालं की तुम्ही काय करता?"

बाबा जरा ओशाळले. मग त्यांनी हनुवटी पुढे काढली, जबडा आवळला, गालाची हाडं वर आली, आणि सगळे दात कटकन एकमेकांवर बसले. अगदी लोखंडी जबड्यावर बसत होते तसे. कागद ओढता येणार नाही असे.

खारूने तो चेहरा ओळखला. आईला शेवटचं न्यायच्या वेळी दारात बाबांचा हाच चेहरा होता, हनुवटी पुढे काढलेली, दातखीळ बसल्यासारखा. त्या दिवशी ते रडले नव्हते. सगळे म्हणाले होते, माणूस घट्ट आहे. आणि त्यानंतर हाच चेहरा तिने खुर्चीत पाहिला होता, मेण गार होत असताना. पाहिला होता, पण ती घड्याळ ऐकत होती.

सहज मिटलेल्या तोंडाचं माप तिने घेतलंच नव्हतं. रडू दाबून धरलेल्या तोंडाचं घेतलं होतं. आणि त्या तोंडाला बसेल अशी कवळी करून तिने ती बाबांना रोज, तिन्ही वेळच्या जेवणाला, वापरायला लावली होती.

"माझी चूक आहे, बाबा," ती म्हणाली, आणि आता मात्र तिला रडू फुटलं. "कवळी खोटी आहे. तुम्ही नाही. मी मेण तोंडात असताना सांगितलं तुम्हाला."

"मग कधी सांगणार होतीस?" बाबा म्हणाले. "एरवी मी कुणाला बोलू देतो का?"

खारू म्हणाली, तिकीट रद्द करते. बाबा म्हणाले, रद्द केलंस तर ही कवळी मी संडासात टाकून वर पाणी सोडीन, आणि बोळका बसून राहीन, आणि लोकांना सांगेन की लेकीने केलं. त्यांचा एकंदर सूर पाहता त्यांनी ते केलंही असतं.

सुट्टीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी किल्ली दिली. दवाखाना रिकामा. बाबा पुन्हा त्याच खुर्चीत. खारूने मेण बसवलं. "मिटा, सहज." बाबांनी मिटलं. हनुवटी पुढे. "बाबा, जीभ मागे न्या, आवंढा गिळा, आणि मिटा." आवंढा गिळला, पुन्हा हनुवटी पुढे. तिने खांदे चोळून दिले, डोळे मिटायला लावले, जांभई द्यायला लावली. जांभई उत्तम आली, पण शेवटी मिटताना जबडा होता तिथेच. त्या खुर्चीत तोंडात मेण आलं की त्या जबड्याला तेच आठवायचं, आणि तो आपोआप आवळायचा.

तिने मेण काढून बशीत ठेवलं. स्टूल ओढून समोर बसली.

"बाबा, आधी बोला. काय बोलायचंय ते सगळं. मी मध्ये बोलणार नाही."

बाबांना अशी परवानगी आयुष्यात कुणी दिली नव्हती. त्यामुळे ते गांगरले. आधी खुर्चीच्या दांड्याविषयी बोलले, मग बॅगेचं वजन, मग तिकडे पाणी उकळून प्यायचं का. मग थांबले.

"मी इतकी वर्षं गाड्या सोडल्या," ते म्हणाले. "सगळे विचारायचे, आवाज इतका खणखणीत कसा लागतो रोज. मला वाटायचं, आपला गळाच चांगला. तसं नव्हतं गं. एकाही गाडीत माझं माणूस नव्हतं, म्हणून."

खारूने स्टूल आणखी जवळ ओढलं.

"तू जाऊ नयेस असं मला वाटतं. फार वाटतं. नाही जमणार मला तुझ्याशिवाय. आत्या काय, ती भांडायला बरी. सकाळी उठून मी कुणाला ओरडून सांगू, काय छापून आलंय ते? पण तू त्या तळघरात लोकांचे बूट बघत म्हातारी झालेली मला चालणार नाही. म्हणून जा. मला वाटतं काय आणि तू करायचं काय, या दोन वेगळ्या गाड्या आहेत. दोन्ही एकाच फलाटावर लागल्या, तिथे सगळा घोटाळा झाला."

आणि बाबा रडले. मोठ्याने, त्यांच्या मूळच्या आवाजात, भोंगा सुरू व्हावा तसे. आईच्या वेळचंही त्यातच आलं असावं, कारण बराच वेळ चाललं. खारू त्यांचा हात धरून बसली आणि तीही रडली. तिने वचन दिलं होतं ते फक्त न बोलण्याचं.

रडून झाल्यावर बाबांचा चेहरा सैल पडला. हनुवटी मागे गेली, ओठ लोंबले, तोंड अर्धवट उघडं राहिलं. खारूने बाहीने नाक पुसलं, चटकन मेण कोमट केलं, बसवलं आणि म्हणाली, "मिटा."

मिटलं. जिथे मिटायला हवं तिथेच.

मास्तरांनी नवा ठसा जुन्या ठशाशेजारी ठेवला आणि दोन्हींकडे बराच वेळ पाहिलं. "एकाच माणसाचे?" त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. त्यांनी ॲप्रन चढवला, आणि स्वतः प्लास्टर कालवायला घेतलं. वरच्या कवळीला हात लावावा लागला नाही. खालचीचे दात उतरवून नव्याने लावायचे होते. दोघांनी मिळून ते वेळेत केलं. मास्तर सगळा वेळ कुरकुरत होते, ते त्यांच्या बाबतीत आनंदाचंच लक्षण होतं.

जखम भरली. खालची कवळी बसली. बाबांनी घोषणा करून पाहिली, शिट्टी नाही. दाणे खाल्ले, तोंड वाकडं नाही. खारूने गाल ओढून पाहिलं, पुन्हा पाहिलं, इतक्यांदा पाहिलं की बाबा म्हणाले, "आता हे तोंड माझंच आहे ना, का तू बरोबर नेणार आहेस?" नेणारच होती. हिरड्यांचे साचे आणि चाव्याचं नवं माप तिच्या बॅगेत होतं, स्वेटरमध्ये गुंडाळून. पुढेमागे काही लागलं तर तिकडून करून पाठवता येईल. विमानतळावर बॅग तपासणाऱ्या बाईने ते साचे बाहेर काढले, उलटेसुलटे केले, आणि विचारलं, "हे काय?"

"माझे वडील," खारू म्हणाली. बाईने ते परत होते तसे ठेवले.

पण ते नंतर. त्याआधी विमानतळाच्या दारापाशी निरोप झाला. आत्या म्हणाली, "दादाची काळजी करू नकोस, मी आहे ना," आणि लगेच दादाला म्हणाली, "नीट उभा राहा." बाबा वर लावलेल्या, विमानं पुकारणाऱ्या कर्ण्याकडे पाहून नाक मुरडत होते. "ही बाई किती घाईत बोलते. माणसाला कळायला नको का, आपली कुठली ते?" त्यांनी खारूच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि तिने पाहिलं, त्यांची हनुवटी पुढे यायला लागली होती.

"बाबा," ती म्हणाली, "जबडा."

"हो, हो," म्हणत बाबांनी हनुवटी मागे घेतली. "टोचत नाहीये. जा तू."

ती आत गेली. काचेपलीकडे वळून पाहिलं. बाबा अजून तिथेच होते, लोकांच्या वाटेत, आणि आत्या त्यांची बाही ओढत होती. त्यांची हनुवटी पुन्हा पुढे निघाली होती, पण ही कवळी तिला तसं येऊ देईना. दात दातांवर अडत होते. सहज मिटणाऱ्या तोंडाची कवळी ती, आवळायला तिच्यात जागाच ठेवलेली नव्हती. बाबांनी थोडा वेळ प्रयत्न केला. मग खिशातून रुमाल काढला, पाठ अर्धी वळवली, तोंडात बोटं घातली, खालची कवळी काढली, रुमालात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, आणि मग मनासारखा जबडा आवळून, हनुवटी पुढे काढून, ताठ उभं राहून हात हलवला.

खारूनेही हलवला. काढताना त्यांना कवळी दोनदा ओढावी लागली होती, हे तिने पाहिलं होतं. पोचल्यावर मास्तरांना कळवायला हवं, असं म्हणत ती डोळे पुसत पुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली.